साखळीतली दुसरी

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. घरात म्हणतात, हिच्या नाकावर राग. खरं आहे. पण जो राग येऊन जातो त्याचं मला काही वाटत नाही. दूध उतू गेलं, शेगडी पुसली, विषय संपला. एक राग मात्र गेलेला नाही. तो दहावीच्या वर्षीचा आहे, शाळेच्या कबड्डी संघाच्या निवडीचा. ज्या दोघांवर तो आहे त्या दोघांशी माझं आजही बरं चाललंय. एकीच्या हळदीत मी मनसोक्त नाचले, आणि दुसऱ्या माणसाला रोज सकाळी मीच चहा करून देते. राग मात्र जागचा हललेला नाही.

आम्ही बोईसरला राहतो. मूळचे कराडकडचे. पप्पा लग्नाआधीच इथल्या एका कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. आमच्या चाळीत निम्मी घरं हिंदी बोलायची, उरलेली आपापल्या गावचं मराठी. मी दुकानात हिंदी, घरात कराडचं आणि शाळेत पुस्तकातलं बोलत मोठी झाले. पप्पा मात्र यातलं कुठलंच फारसं बोलायचे नाहीत. पाळीवरून आले की हातपाय धुऊन भिंतीला टेकून बसायचे, टीव्ही बघायचे, जेवायचे, झोपायचे. आई म्हणायची, मशिनीच्या आवाजात दिवसभर उभं राहून माणूस मुका होतो. मला ते पटायचं. शाळा, मार्क, मैत्रिणी, कशाबद्दलही त्यांनी मला कधी काही विचारल्याचं आठवत नाही.

आठवीत मी कबड्डी खेळायला लागले आणि हे बदललं. पहिल्याच आठवड्यात गुडघा फोडून घरी आले. आई हळद शोधत मला शिव्या घालत होती, आणि पप्पांनी टीव्हीचा आवाज कमी करून विचारलं, "कोपऱ्यात उभी व्हतीस का मधी?" मी बघतच राहिले. हा माणूस तरुणपणी गावच्या संघाचा डावा कोपरा होता, आसपासच्या गावांतले गडी त्याच्या बाजूनं चढाईला जायला कचरायचे, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी जेवण होईपर्यंत ते बोलत होते. चढाईला आलेल्याच्या तोंडाकडं बघायचं न्हाय, पायाकडं बघायचं. तोंड खोटं बोलतंय, पाय बोलत न्हाय. आईसुद्धा भाकरी थापायची थांबून ऐकत होती.

म्हणून संघात येणं म्हणजे माझ्यासाठी नुसतं संघात येणं नव्हतं. बापाशी बोलायला मला मिळालेला तो एकच विषय होता. नववीत मी राखीव होते. राखीव म्हणजे काय, तर इतरांच्या चपला सांभाळायच्या, बाटल्या भरून आणायच्या आणि कुणीतरी लंगडत बाहेर येईल म्हणून मनातल्या मनात देवाला साकडं घालायचं. कुणी लंगडलं नाही. सामना झाला की पप्पा विचारायचे, "उतरवली का तुला?" मी नाही म्हणायचे, आणि बोलणं तिथंच संपायचं. दहावीचं वर्ष शेवटचं. त्यानंतर कॉलेज, क्लास, घरकाम, मग कोण खेळू देतंय. यंदा मैदानावर सातांत उभं राहायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं.

आता आमच्या सरांची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं रामायण त्या रीतीपायी झालं. कबड्डीत बचावाच्या मुली दोघी-दोघी हात धरून उभ्या राहतात, त्याला साखळी म्हणतात. मैदानाच्या कडेला उभी ती कोपरा. तिचा हात धरून आतल्या बाजूला उभी ती साखळीतली दुसरी. समोरून एक मुलगी चढाईला येते, कोपरा तिचा घोटा धरतो, दुसरी तिच्या अंगावर पडून तिची परतीची वाट अडवते. आमचे सर चढाईसाठी मुली एकेकट्या पारखायचे, पण बचावासाठी फक्त जोड्या. "हात कुणाचा धरायचा ते मी ठरवणार नाही," असं ते एप्रिलमध्येच सांगून टाकायचे. "तुमचं तुम्ही ठरवा, सुट्टीत सराव करा आणि शाळा उघडली की जोडीनं या. सुटी आलेली मी बघणार नाही." मग सुट्टीभर मुलींच्या जोड्या जमायच्या आणि मोडायच्या. सोयरिकी जमवतानाही होत नसतील एवढे रुसवेफुगवे व्हायचे. मी त्यांना हसायचे, कारण माझी जोडी पक्की होती.

ती तारापूरच्या पुढच्या, समुद्राला लागून असलेल्या गावातली. घरची होडी, घरात माणसं भरपूर, आणि सकाळी शेअर रिक्षात कोंबून घेऊन ती शाळेला यायची. सहावीपासून आम्ही एका बाकावर. मी दहा वाक्यं बोलले की ती एक बोलायची, आणि तेही बहुतेक वेळा "बघू गो" एवढंच. मी भांडण उकरून काढायचे आणि ती ते मिटवायची. तिच्या हातात मात्र विलक्षण जोर. लहानपणापासून ओले दोर ओढलेले हात ते. घोटा एकदा तिच्या मुठीत गेला की पुढचीनं गुमान खाली बसावं हे बरं. ती कोपरा आणि मी तिच्या शेजारची दुसरी, हे कधी ठरवावंसुद्धा लागलं नाही.

सुट्टी लागली आणि मीच पप्पांच्या मागे लागले, आम्हाला शिकवा म्हणून. ते आधी नको म्हणाले. गुडघे गेलेत, लोक हसतील, पोरींच्यात मी कुठं. पण मग एका संध्याकाळी पहिल्या पाळीवरून आले, चहा घेतला आणि चप्पल न घालताच चाळीमागच्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. टाचेनं माती उकरून त्यांनी रेघा ओढल्या. मैत्रिणीला मी फोन केला आणि दुसऱ्या दिवसापासून ती रोज यायला लागली.

त्या महिन्याइतकी सुखात मी पुन्हा कधी होते असं मला वाटत नाही. ऊन उतरलं की आम्ही जागेवर. आधी चाळीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत पळायचं, मग बैठका, मग रेघेवर हात धरून उभं राहायचं. चढाईला शेजारच्या बिहारी कुटुंबातल्या दोन बहिणी यायच्या. त्यांना खेळ येत नव्हता, पण पळायच्या वाऱ्यासारख्या. पप्पा कडेला उभे राहून ओरडायचे. घरात ज्यांचा शब्द ऐकू यायला कान टवकारावे लागायचे, त्यांचा आवाज इथं रस्त्यापर्यंत जायचा. चाळीतले लोक गॅलरीत येऊन बघायचे. आई लिंबू सरबत करून पाठवायची. मैत्रीण त्यांना काका म्हणायची आणि ते तिला पोरी म्हणायचे.

त्यांचा एक नियम होता. "निर्णय कोपऱ्याचा. पकड करायची येळ झाली की कोपरा शेजारचीचा हात दाबणार. दाबला की सोडायचा आणि दोघींनी मिळून पडायचं. तवर धरून ऱ्हायचं. मधीच सोडला की साखळी तुटली." ऐकायला सोपं आहे. पण पुढून एखादी नाचत, चिडवत, जीभ दाखवत जवळ येते, तिचा पाय तुमच्या हातभर अंतरावर असतो, आणि शेजारची हात दाबत नाही. अंगाची लाही होते. मला वाटायचं, आता, आता, अगं आता. कधी कधी मी झेप घ्यायचे. कधी पकड जमायची, कधी नाही. पप्पा मला म्हणायचे, "कंबर खाली," "पाय मागं घे," "हनवटी आत." मी ते सगळं करायचे. हाताबद्दल ते मला काही म्हणाले नाहीत. एकदाही नाही. मी समजले, हात बरोबर आहे.

मैत्रिणीशी ते जास्त बोलायचे. तिला स्वतः घोटा पुढे करून दाखवायचे, बोटं कुठं रुतवायची, खांदा कुठं लावायचा. ते स्वतः कोपरा होते, ती कोपरा होती. थोडं पोटात दुखायचं माझ्या, नाही कशाला म्हणू. पण ती माझीच मैत्रीण आणि ते माझेच पप्पा, जाईल कुठं सगळं, घरातल्या घरातच तर आहे.

शाळा उघडली. सरांनी आठवड्याभरात चाचणी ठेवली. आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, केस घट्ट बांधून ये आणि नखं काप. ती "हो गो" म्हणाली आणि रिक्षात बसली.

चाचणीच्या दिवशी मैदान चिखलाचं होतं म्हणून सरांनी आम्हाला शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडखाली उभं केलं. मी लवकर पोचले होते. ती आली तेव्हा तिच्याबरोबर तिच्याच गावची, नववीतली एक मुलगी होती. बुटकी, जाडसर, शांत. मी हात हलवला. मैत्रिणीनं पाहिलं आणि मान खाली घातली. मला काही उमजलं नाही. मला वाटलं, पोटात दुखत असेल, घाबरली असेल. सर म्हणाले, "बचाववाल्या, जोडीनं उभ्या राहा." मी माझा हात पुढं केला आणि तिनं त्या बुटकीचा हात धरला.

सगळ्या रांगेत मी एकटी हात पुढं करून उभी होते.

सरांनी विचारलं, "तुझी जोडी कुठंय?" मी बोट दाखवलं. सरांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते जरा थांबले. पण मग म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा असं सांगितलं होतं मी." चुकीचं काहीच बोलले नाहीत. आजही मला त्यांचा राग नाही.

पाठीमागे एक मुलगी चढाईसाठी आली होती आणि नाव पुकारायची वाट बघत होती. मी तिला ओढून पुढं आणलं आणि सरांना म्हटलं, ही माझी जोडी. सरांना माझी दया आली असेल. त्यांनी उभं राहू दिलं. त्या बिचारीला कोपऱ्यात काय करायचं माहीतही नव्हतं, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेलेली. पहिली चढाई आली तशी मी हात झिडकारून सुटले. चढाईवाली मला शिवून, माझ्या जोडीदारणीला शिवून आरामात परत गेली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा सर म्हणाले, "बास."

मग त्या दोघी उभ्या राहिल्या. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाजूला झाले होते, पण नजर हलत नव्हती. ती बुटकी मुलगी आमच्या चाळीमागे एकदाही आली नव्हती. आणि तरीही ती पप्पांसारखी उभी होती. कंबर खाली, उजवा पाय मागं, हनवटी आत. चढाईवाली तिच्या नाकासमोर नाचली तरी ती हललीसुद्धा नाही. मग माझ्या मैत्रिणीची बोटं आवळली, हात सुटले, आणि दोघी एकदम पडल्या. चढाईवाली आडवी. सर काहीतरी कौतुकाचं बोलले. मला फक्त हे दिसत होतं की ही जोडी आजची नाही, कालची नाही, ही महिनाभर घासलेली जोडी आहे.

निकाल सरांनी तिथंच सांगितला. त्या दोघी सातांत. मी राखीव. "मोठी आहेस, लहान मुलींना सांभाळून घेशील," असं वर म्हणाले. म्हणजे पुन्हा चपला आणि बाटल्या.

मी तिला शेअर रिक्षाच्या स्टँडवर गाठलं. ती बुटकी पुढं जाऊन रिक्षात बसली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

मी तिचा दंड धरला.

"मे म्हैन्यापासून," ती म्हणाली. "सकालची. ओहोटीला वालूवर."

"आणि संध्याकाळी माझ्याकडे येत होतीस ते काय होतं? माझ्या बापाकडून शिकायचं आणि तिला नेऊन शिकवायचं? केसानं गळा कापलास तू माझा."

एरवी मी असं बोलले असते तर ती मला शांत करायला लागली असती. त्या दिवशी तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "मना नको बोलू. मी काय मनाने नाय केला. काकांना विचार."

"काय विचारू?"

"मी काकांनाच विचारला होता, आमची जोडी संघात येल काय. तेनीच सांगितला, दुसरी बघ."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. ती गेली. मी स्टँडवर उभी राहिले. मला वाटलं, ही खोटं बोलतेय. अंगावर आलं म्हणून माझ्याच बापाचं नाव पुढं करतेय. मला तिचा इतका संताप आला की घरी जाताना मी रस्ताभर तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते, आणि घरी जाऊन पप्पांना सांगायचं, बघा तुमची पोरी कशी निघाली, असं ठरवत होते.

पप्पा भिंतीला टेकून बसले होते. टीव्ही चालू होता. मी दारातूनच सगळं सांगितलं. सांगता सांगता मला रडू यायला लागलं. मला वाटत होतं ते उठतील, शिवी हासडतील, निदान टीव्ही तरी बंद करतील. ते माझ्याकडं बघेनात. आई कणीक मळायची थांबली.

"ती म्हणते तुम्ही सांगितलंत," मी म्हटलं. "खोटं बोलते ना?"

पप्पांनी पायावरची धूळ झटकली. धूळ नव्हती तिथं. "न्हाय," ते म्हणाले. "मीच सांगितलं."

मग एकेक बाहेर आलं. मे महिन्यातच, अगदी सुरुवातीला, त्यांनी मला बर्फ आणायला दुकानात पाठवलं होतं. तेव्हा मैत्रिणीनं त्यांना विचारलं. आणि त्यांनी तिला सांगितलं की तुझी पकड होईल, पण हिचा हात सुटतोय, हिच्यासंगं तू बाहेर ऱ्हाशील. गावात कुणी थंड डोक्याची पोरगी हाय का, असंही त्यांनीच विचारलं. तिनं त्या बुटकीचं नाव घेतलं. त्या बुटकीला कसं उभं करायचं ते त्यांनी माझ्या मैत्रिणीला सांगितलं. मी बर्फ घेऊन आले. आम्ही सरबत प्यायलो. आणि पुढचा सगळा महिना मी माझ्या मोडलेल्या जोडीत हात धरून उभी राहत होते आणि माझा बाप मला कंबर खाली घे म्हणून सांगत होता.

"मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं. "माझा हात सुटतो हे मला का नाही सांगितलं? तिला सांगितलंत. मला नाही?"

"तू खुशीत व्हतीस," पप्पा म्हणाले. "म्हटलं, आसू दे."

आई त्यांच्यावर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "आवो, सांगायचं व्हतं की पोरीला."

"हिच्या मैतरणीला खेळाबिगर काय हाय?" पप्पा म्हणाले. ते आईला सांगत होते, मला नाही. "त्या पोरीच्या हातात खेळ हाय. ती पुढं जाईल, कुठं पोलिसात-बिलिसात लागंल. आपलीला शाळा हाय, पुस्तकं हायती. हिचं काय अडलंय?"

माझं काय अडलंय. मला कुणी विचारलं होतं का, माझं काय अडलंय? एवढं एकच तर अडलं होतं. मैत्रिणीनं फसवलं हे मी पचवलं असतं. तिच्याशी वर्षभर बोलले नसते, पाठ फिरवली असती, झालं. पण बापानं मला महिनाभर उभं करून खेळवलं, आणि तेही माझ्या सुखासाठी म्हणे. मी आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. टीव्हीचा आवाज कमी झाला, एवढं मला ऐकू आलं.

राखीव असले तरी सरावाला जावं लागायचं. मी जायचे. तोंडातून शब्द काढायचे नाही. सरांनी तालुक्याच्या सामन्यांची तयारी सुरू केली होती. रोज शाळा सुटल्यावर शेडखाली पळणं, बैठका, साखळी. मी कडेला बसून चपलांचे जोड लावायचे. मैत्रीण दर विश्रांतीला माझ्या बाजूला येऊन बसायची, बाटली मागायची, काहीतरी बोलायला बघायची. मी बाटली द्यायचे.

आणि मग एका रविवारी ती त्या बुटकीला घेऊन आमच्या घरी आली. तोंड वर करून. दारात चपला काढल्या आणि आईला विचारलं, "काकी, काका हायेत?" मी आत भांडी घासत होते. आई माझ्याकडं बघायला लागली. दारात आलेल्या पोरींना परत पाठवणं आईच्या रक्तात नाही. तिनं त्यांना बसवलं, पोहे केले. पप्पा उठले, चप्पल न घालताच मागच्या मोकळ्या जागेत गेले आणि टाचेनं रेघा ओढायला लागले. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. त्यांचा तो रस्त्यापर्यंत जाणारा आवाज. पाय मागं घे. घाई न्हाय. हां. अशी.

थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. बिहारी बहिणी गावी गेल्या होत्या आणि चढाईला कुणी नव्हतं.

"येतीस का? ह्यांना चढाई पायजे."

मी जाणार नव्हते. खरंच जाणार नव्हते. पण आई म्हणाली, "जा की, त्येंच्यावर का रुसतीस, खेळ हाय," आणि मला आईचाही राग आला, आणि त्या रागातच मी गेले. मनात होतं, आता दाखवतेच. मला त्या कोपऱ्याची प्रत्येक खोड माहीत होती. ती कधी श्वास रोखते, डावा पाय कधी उचलते, सगळं मला पाठ. मी मध्यरेषेवरून दम घेतला आणि सरळ तिच्या बाजूला शिरले.

समोरून ती जोडी मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. मी नाचले, हूल दिली, त्या बुटकीच्या तोंडासमोर टाळी वाजवली. ती नुसती बघत राहिली, माझ्या पायाकडं. मी आणखी एक पाऊल पुढं टाकलं. मैत्रिणीची बोटं आवळलेली मला दिसली, आणि मला कळलंसुद्धा की आता मागं फिरायचं, पण तोवर माझा घोटा तिच्या मुठीत होता आणि ती बुटकी माझ्या पाठीवर. तोंड मातीत गेलं. जोर लावला, पाय सुटेना. दम संपला.

"लागला काय गो?" मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली.

पप्पा जवळ आले. त्यांचे अनवाणी पाय मला दिसत होते. "बघितलंस?" ते मला म्हणाले, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, जसं आठवीत पहिल्यांदा बोलले होते. "हात बघितलास तिचा? तू नाचलीस तरी सोडला न्हाय. आसा धरायचा असतो."

मी उठून बसले. ओठावर माती होती. "हे मला आता सांगताय?" मी म्हटलं. त्या दोघींच्या समोरच म्हटलं, मुद्दाम. "मे महिन्यात का नाही सांगितलंत?"

मैत्रीण दुसरीकडं बघायला लागली. पप्पांनी विचारलं, "तवा ऐकलं आसतंस?"

मी कपडे झटकले आणि घरात गेले. पुढं त्या दोघी तालुक्याला खेळल्या, जिल्ह्याला खेळल्या, पालघरच्या सामन्याला पप्पा सुट्टी टाकून गेले. मी बाटल्या भरल्या. मला वर्षभरात कुणी उतरवलं नाही, आणि पप्पांनी विचारलंही नाही. मैत्रीण पुढं खरंच पोलिसात लागली. त्यांचं म्हणणं बरोबर निघालं, हे मी कुणापुढंही कबूल करते.

पण त्या रविवारी त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना अजून दिलेलं नाही. आता ते निवृत्त आहेत, सकाळी चहा देते तेव्हा समोर बसलेले असतात, आणि रोज ते माझ्या ओठावर येतं. नसतं ऐकलं, पप्पा. तुमच्यावर ओरडले असते, घर डोक्यावर घेतलं असतं, ताट ढकलून उठले असते. तिच्याशी भांडले असते. दोन दिवस तुमच्याशी बोलले नसते. आणि मग संध्याकाळी मुकाट त्या रेघेवर येऊन उभी राहिले असते आणि हात धरायला शिकले असते, कारण त्या वर्षी मला दुसरं काहीच नको होतं.